शेकाट्यांची साक्ष

एप्रिलमधल्या एका सकाळी पुण्याच्या भिडे पुलावर उभा असताना, शेजारी मोबाईलवर फोटो काढत असलेले एक गृहस्थ समाधानाने म्हणाले, ‘बघा, पक्षी परत आले. सुधारतेय आपली नदी.’ खाली मुठेच्या पात्रात घोटाभर काळपट पाणी होते आणि त्यात पंचवीस-तीस शेकाटे चरत होते. शेकाट्या हा देखणा पक्षी आहे. लांबलचक गुलाबी पाय, काळे पंख, पांढरे पोट आणि सुईसारखी चोच. एखादा भरतकाम करणारा कारागीर टाके घालतो तशी ती चोच चिखलात घालत ते पुढे सरकत होते. त्या गृहस्थांचा आनंद मोडावासा वाटला नाही, म्हणून मी गप्प राहिलो. पण शेकाट्या त्या चिखलातून काय वेचत होता, हा प्रश्न, आधी नदीचा काठ सजवायचा की आधी पाणी शुद्ध करायचे, या पुण्यातल्या सगळ्या वादाच्या मुळाशी आहे, असे मला तेव्हापासून वाटत आले आहे.

तो वेचत होता लाल अळ्या. न चावणाऱ्या, डासांसारख्या दिसणाऱ्या माश्यांच्या या अळ्या असतात. त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असल्यामुळे, ज्या पाण्यात प्राणवायू जवळपास संपलेला आहे अशा गाळातही त्या तग धरतात. तिथे त्यांना खाणारे मासे उरलेले नसतात, त्यांच्याशी स्पर्धा करणारे इतर किडे उरलेले नसतात आणि मैलापाण्यातून खाद्य मात्र अखंड येत असते. त्यामुळे त्यांची अमाप वाढ होते आणि त्यांच्या मागे शेकाटे येतात. २०२४ च्या फेब्रुवारीत केशवनगर-खराडी भागात मुळा-मुठेवर उठलेल्या ‘डासांच्या वावटळी’चे चित्रण देशभर पाहिले गेले, पात्रात साचलेले घाण पाणी आणि जलपर्णी हे त्याचे कारण सर्वांच्या डोळ्यांसमोर होते. वावटळ पाहून शहर हादरले आणि शेकाटे पाहून सुखावते. प्रत्यक्षात दोन्ही दृश्ये एकाच पाण्यातून उगवलेली आहेत.

माझा मुद्दा सरळ आहे. नदीवर जीव दिसतो एवढ्यावरून नदी सुधारली असे म्हणता येत नाही. कोणता जीव दिसतो आणि तो का दिसतो, हे पाहावे लागते. ही साक्ष नीट तपासायची तर पक्ष्यांच्या आधी माशांना विचारले पाहिजे, कारण पक्ष्याला पाणी आवडले नाही तर तो उडून जातो, माशाला ते त्याच पाण्यातून श्वासाबरोबर आत घ्यावे लागते. आणि मासे ज्या एका गोष्टीवर जगतात त्या विरघळलेल्या प्राणवायूसाठी जो पैसा, वेळ आणि चिकाटी लागते, ती काठावर खर्च करून नदी जगत नाही. हे मी अंदाजाने म्हणत नाही. एका मोठ्या शहराने हा प्रयोग दोन्ही बाजूंनी करून पाहिलेला आहे, आणि त्याची नोंद उपलब्ध आहे.

लंडनची थेम्स ही जगातल्या ‘मेलेल्या आणि परत उठलेल्या’ नद्यांमध्ये बहुधा सर्वाधिक सांगितली जाणारी नदी आहे. पुण्यातल्या सभांमध्येही तिचे नाव हटकून निघते. पण तिची गोष्ट सांगताना बहुतेकजण मधली शंभर वर्षे गाळतात, आणि आपल्या कामाचे नेमके तिथेच आहे. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्सच्या दुर्गंधीने लंडनची पार्लमेंट हैराण झाली. खिडक्यांच्या पडद्यांना चुन्याचे क्लोराइड लावून कामकाज चालवावे लागले. त्यानंतर जोसेफ बॅझलजेट या अभियंत्याने शहराखाली प्रचंड मैलावाहिन्यांचे जाळे उभारले आणि नदीकाठी दगडी भिंती बांधून पात्र आत सारले. १८७० मध्ये खुल्या झालेल्या व्हिक्टोरिया एम्बँकमेंटवर रस्ता होता, बागा होत्या, झाडांच्या रांगा होत्या आणि पोटात मैलावाहिनी व भुयारी रेल्वे होती. नदीकाठ सुधारणे याला म्हणायचे असेल, तर यापेक्षा भव्य सुधारणा एकोणिसाव्या शतकात क्वचितच कुठे झाली असेल. अभियंता म्हणून बॅझलजेटबद्दल मला आदरच आहे; कॉलऱ्याच्या साथींतून लंडनची सुटका होण्यात त्याच्या वाहिन्यांचा मोठा वाटा आहे.

पण नदीचे काय झाले? त्या वाहिन्यांनी मैला शुद्ध केला नाही, तो फक्त शहराच्या पूर्वेला, बेक्टन आणि क्रॉसनेस इथे नेऊन ओहोटीच्या वेळी नदीत सोडला. शहराच्या नाकासमोरची घाण खालच्या गावांच्या नाकासमोर गेली. १८७८ च्या सप्टेंबरमध्ये ‘प्रिन्सेस अ‍ॅलिस’ ही प्रवासी बोट याच भागात टक्कर होऊन बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे मेली. त्या वेळी पाण्यात नुकताच मैला सोडलेला होता, आणि पाण्यात पडलेल्यांना त्या घाणीतच हातपाय मारावे लागले. पुढे शुद्धीकरणाचे थोडे प्रयत्न झाले, काही मासे परतले. पण वाढती लोकसंख्या, दुसऱ्या महायुद्धात झालेली यंत्रणेची पडझड आणि युद्धानंतर घरोघरी आलेले, पाण्यात न विघटणारे डिटर्जंट यांनी ते सगळे पुसून टाकले. डिटर्जंटचा फेस पाण्यावर पसरला की हवेतला प्राणवायू पाण्यात उतरण्याचे काम मंदावते. आळंदीला इंद्रायणीवर पांढऱ्या फेसाचे डोंगर तरंगताना ज्यांनी पाहिले आहेत त्यांना याचे वेगळे वर्णन नको. १९५७ मध्ये लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमने शहरातल्या थेम्सला जैविकदृष्ट्या मृत ठरवले. क्यू ते ग्रेव्हसेंड या पट्ट्यात, कसेही दिवस काढणारा वामीसारखा ईल सोडला, तर एकही मासा टिकून राहिलेला नव्हता.

१८७० आणि १९५७. देखणा काठ बांधून झाला, आणि त्यानंतर ८७ वर्षांनी नदीच्या मृत्यूची नोंद झाली. नदीकाठाचे सुशोभीकरण आधी करू, लोक नदीकडे वळतील, मग पाण्याचेही होईल, असा जो युक्तिवाद आज पुण्यात केला जातो, त्याचे उत्तर या दोन सालांमध्ये आहे. लंडनचे लोक ८७ वर्षे त्या सुंदर काठावर फिरत होते.

थेम्स परत उठली ती कशाने, हेही पाहण्यासारखे आहे, कारण त्यात उद्घाटनाला योग्य असे काही नाही. १९५१ मध्ये प्रा. पिपार्ड यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली आणि तिने दहा वर्षे काम करून १९६१ मध्ये अहवाल दिला. नदीत कोणत्या ठिकाणाहून किती घाण येते, ती कुजवताना जिवाणू किती प्राणवायू खातात, भरती-ओहोटीमुळे ती किती दिवस पुढे-मागे हिंदकळत राहते, याचा हिशेब त्या कामातून मांडला गेला. प्राणवायू पूर्ण संपला की जिवाणू पाण्यातल्या सल्फेटकडे वळतात आणि मग कुजक्या अंड्यासारखा वास येतो. म्हणजे दुर्गंधी ही नदीची तक्रार असते. अहवालापाठोपाठ बेक्टन आणि क्रॉसनेसचे शुद्धीकरण प्रकल्प टप्प्याटप्प्याने नव्याने बांधले गेले, डिटर्जंट बनवणाऱ्यांना विघटन होणारी रसायने वापरावी लागली आणि लहानलहान जुने प्रकल्प बंद करून मोठ्यांना जोडले गेले. मलनिस्सारणाच्या टाक्या, हवा सोडणारे पंप, गाळाची विल्हेवाट. यात फोटो काढण्यासारखे काही नसते.

मासे परतल्याचे कळले तेही एका अडगळीच्या जागी. थेम्सच्या काठी वीजकेंद्रे होती आणि ती यंत्रे थंड करण्यासाठी नदीचे पाणी ओढून घेत. त्या पाण्यातला कचरा अडवायला जाळ्या असत, आणि शेवाळ, फळकुटे, चिंध्या यांच्यासोबत त्या जाळ्यांवर मासे सापडू लागले. म्युझियममधले मत्स्यतज्ज्ञ ऑल्विन व्हीलर यांनी वीजकेंद्रांतल्या लोकांच्या मदतीने १९६० च्या दशकापासून या जाळ्यांवरच्या माशांची मोजदाद सुरू केली. कचरा उपसताना एकेक जात नोंदवली जात गेली, आणि काही वर्षांतच यादी चाळीसच्या पुढे गेली. आज तिथल्या भरतीच्या पट्ट्यातून शंभराहून अधिक जातींचे मासे नोंदवले गेले आहेत. मुखाकडच्या वाळूच्या दांड्यांवर सील विणीला येतात. २०१८ च्या हंगामात लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेने केलेल्या पहिल्या मोजणीत सीलची १३८ पिल्ले आढळली. समुद्री घोडेही तिथे आहेत. यांपैकी कुणालाही कोणी आणून सोडलेले नाही.

जो आणून सोडला, त्याची गोष्ट वेगळी आहे, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातला तो सर्वांत बोलका भाग आहे. थेम्समधला शेवटचा सॅमन १८३३ च्या सुमारास पकडला गेला, असे मानतात. १९७४ च्या नोव्हेंबरमध्ये वेस्ट थरॉक वीजकेंद्राच्या जाळीवर अचानक एक सॅमन सापडला आणि देशभर बातमी झाली. सॅमन हा इंग्रजांच्या मनात मानाचा मासा. तो परतला म्हणजे नदी परतली. मग १९७९ पासून सॅमनची पिल्ले नदीत सोडण्याची योजना सुरू झाली, बंधाऱ्यांवर माशांना चढण्यासाठी पायऱ्या बांधल्या गेल्या, वर्षानुवर्षे पैसा ओतला गेला. १९९३ मध्ये ३३८ मोठे सॅमन परतलेले मोजले गेले आणि योजना फळली असे वाटले. पुढे आकडा घसरत गेला आणि २००५ मध्ये एकही सॅमन मिळाला नाही. नंतर जे थोडे दिसले त्यांची जनुकीय तपासणी झाली तेव्हा २०११ मध्ये कळले की ते सोडलेल्या पिल्लांचे वंशजच नव्हेत. दक्षिण इंग्लंडमधल्या टेस्ट, इचन अशा इतर नद्यांतून वाट चुकून आलेले ते पाहुणे होते. पाणी बऱ्यापैकी झाले तसे शंभर जातींचे मासे आपापले आले, आणि बोटाला धरून आणलेला एक मासा राहिला नाही.

थेम्सची ही स्तुती चालू असताना एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर मीही त्या गृहस्थांसारखाच फोटो काढतो आहे असे होईल. लंडनची जुनी मैलावाहिनी पावसाचे पाणीही वाहून नेते, आणि जोराचा पाऊस झाला की ती तुंबून थेट नदीत ओसंडते. २००४ च्या ऑगस्टमध्ये अशाच एका पावसानंतर मेलेल्या माशांची संख्या लाखाच्या घरात होती. अशा वेळी नदीत प्राणवायू सोडण्यासाठी १९८८ पासून एक खास बोट फिरत असे. रोज ३० टन प्राणवायू ती पाण्यात सोडू शकत असे. अतिदक्षता विभागातल्या रुग्णाला नळी लावावी तसा हा प्रकार होता. शेवटी नदीच्या तळाखालून २५ किलोमीटर लांबीचा आणि सात मीटरहून अधिक व्यासाचा बोगदा खणला गेला आणि २०२५ च्या फेब्रुवारीत तो पूर्णपणे जोडला गेला. म्हणजे ज्या नदीला आपण ‘सुधारलेली’ म्हणून गौरवतो, तिच्या मृत्यूची नोंद झाल्यानंतर ६८ वर्षांनीही काम संपलेले नाही.

आता पुण्याकडे येतो. २०१६ च्या सुरुवातीला केंद्राने मुळा-मुठेच्या प्रदूषण नियंत्रणाचा प्रकल्प मंजूर केला. त्याला जपानच्या जायका संस्थेचे कर्ज होते, किंमत सुमारे ९९० कोटी होती आणि त्यातून ११ शुद्धीकरण केंद्रे उभी राहून रोज ३९ कोटी ६० लाख लिटर मैलापाणी शुद्ध होणार होते. निविदांच्या घोळात त्याची वर्षे गेली. दरम्यान नदीकाठ सुधार प्रकल्प आला. तो ४४ किलोमीटर नदीच्या काठांचा, साडेचार हजार कोटींच्या वरचा, आणि २०२२ च्या मार्चमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली. दोन्ही योजना कागदावर एकमेकींना पूरक आहेत, हे मान्य. पण कुठल्या योजनेचे काम बंडगार्डनच्या पुलावरून जाणाऱ्या माणसाला आधी दिसू लागले, हे त्यालाच विचारावे. भराव, पिचिंगचे दगड, पायऱ्या आणि पदपथ त्याने पाहिले. शेजारी वाहणाऱ्या पाण्याचा रंग आणि वास मात्र त्याच्या ओळखीचाच होता.

याला प्रामाणिक आक्षेप आहेत. पहिला असा, की थेम्सलाही भिंती आहेत आणि तरीही तिथे मासे आहेत. मग काठ बांधल्याने नदी मरते कशी? खरे आहे, भिंतीने थेम्स मारली नाही, मैल्याने मारली. पण भिंतीने जे हिरावले ते पाणी शुद्ध झाल्यावर उघडे पडले. उथळ काठ, गवत, चिखलाचे उतार इथेच माशांची पिल्ले वाढतात, आणि उभ्या भिंतीला उथळ काठ नसतो. म्हणून लंडनला ग्रिनिचसारख्या ठिकाणी जुनी भिंत मागे घेऊन बोरूच्या पायऱ्या-पायऱ्यांचे कृत्रिम काठ करावे लागले. जे त्यांना पैसे घालून परत आणावे लागते आहे, ते पुण्यात राम नदी आणि मुळेच्या संगमाजवळ आपल्याकडे अजून जिवंत आहे. वाळुंज, करंज, उंबर यांच्या मुळ्या पाण्यात उतरलेल्या आहेत आणि त्या मुळ्यांत लहान माशांना आडोसा आहे. ते काढून तिथे रोपे लावण्याचे आश्वासन देणे म्हणजे घरातले जाते विकून दुकानातले पीठ आणणे आहे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, आणि त्याचे उत्तर माझ्याकडे अर्धेच आहे. थेम्स बारमाही आहे, थंड आहे, आणि दिवसातून दोनदा समुद्र तिच्यात येतो. मुठा तशी नाही. टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला या धरणांतले पाणी शहराच्या नळांत आणि दौंड-इंदापूरकडे जाणाऱ्या कालव्यात जाते. पावसाळा सोडला तर खडकवासल्याखाली पात्रात उतरते ते मुख्यतः शहराचे सांडपाणीच. शिवाय उष्ण पाण्यात प्राणवायू कमी मावतो: १० अंशांना लिटरमागे साधारण ११ मिलिग्रॅम, तर २५ अंशांना सव्वाआठ. उन्हाळ्यात जिवाणूंची भूक वाढते आणि शिधा कमी होतो. म्हणजे लंडनपेक्षा आपले काम अवघड आहे. पण यातून निघणारा निष्कर्ष ‘म्हणून पाण्याचा नाद सोडून काठ करू’ असा नाही. ज्या नदीत वरून पाणीच येत नाही, तिच्यात शुद्ध केलेले सांडपाणी हेच तिचे उन्हाळी पाणी आहे. ते किती शुद्ध आहे यावरच सगळे अवलंबून आहे. आणि अशा पात्रात देखावा म्हणून बंधारे घालून पाणी साठवणे हा तर उलटा उपाय आहे. खडकांवरून खळखळत जाणारे पाणी हवेतून प्राणवायू घेते, साठलेले पाणी तो गमावते आणि जलपर्णीला जागा देते.

हे खालच्या अंगालाही लागू आहे. बेक्टनला जशी लंडनची घाण पोचली, तशी आपली भीमेतून उजनीत पोचते. भिगवणच्या पाणपसाऱ्यावर रोहित पक्षी पाहायला पुण्याच्या गाड्या जातात, आणि त्याच उजनीचे पाणी सोलापूर पिते. पक्ष्यांचे फोटो आपल्याकडे, पाणी त्यांच्याकडे, अशी ही वाटणी आहे.

मुठेत पूर्वी काय होते याची साक्ष सहज मिळते, आणि तीही अनपेक्षित ठिकाणी. कर्नल साइक्स हा कंपनी सरकारचा अधिकारी १८२० च्या दशकात दख्खनची पाहणी करत फिरला आणि १८३९ मध्ये त्याचा इथल्या माशांवरचा निबंध प्रसिद्ध झाला. कोळ्यांनी सांगितलेली मराठी नावे त्याने तशीच शास्त्रीय नावांत घातली. म्हणून आज जगभरचे मत्स्यशास्त्रज्ञ शिंगाळ्याला ‘सीनघाला’ म्हणतात, आणि कोळशीचे ‘कोलस’ तर लॅटिन वाटते इतके रुळले आहे. दख्खनच्या महसीरला, म्हणजे ‘टॉर खुद्री’ला, त्याने नाव दिले ते पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या माशांवरून. जगात कुठेही या माशाचा अभ्यास झाला तरी त्याचे मूळ ठिकाण म्हणून आपल्या नदीचे नाव घ्यावे लागते. आज त्या पट्ट्यात मिळतात ते तिलापिया, आफ्रिकन मांगूर आणि कुणाच्या तरी काचेच्या टाकीतून सुटलेला सकर.

माझी मागणी म्हणून फार मोठी नाही. संगम, बंडगार्डन आणि मुंढवा या तीन ठिकाणी पाण्यातला प्राणवायू रोज पहाटे मोजावा, कारण रात्रभर सगळ्यांनी श्वास घेतल्यावर तो पहाटेच सर्वांत कमी असतो. आणि तो आकडा पुलावर मोठ्या अक्षरांत लावावा. माशांची जातवार मोजणी वर्षातून दोनदा व्हावी. काठाच्या पुढच्या प्रत्येक टप्प्याचा पैसा या आकड्यांशी बांधावा: पहाटेचा प्राणवायू सलग दोन उन्हाळे लिटरमागे चार मिलिग्रॅमच्या वर राहिला, की पुढचा टप्पा.

लोणावळ्याला टाटांच्या जलविद्युत प्रकल्पाच्या मत्स्यकेंद्रात १९७० च्या दशकापासून खुद्री महसीरची पिल्ले वाढवली जातात. केंद्राचे काम उत्तम आहे. मला धास्ती आहे ती एका समारंभाची. उद्या कुणाला तरी सुचेल की बंडगार्डनला मांडव घालावा, पिशव्यांतून आणलेली ही पिल्ले मान्यवरांच्या हस्ते पात्रात सोडावीत आणि ‘महसीर घरी परतला’ असे फलक लावावेत. त्या दिवशी तिथे गेलात तर फलकाकडे पाहू नका. मांडवाच्या खालच्या अंगाला, उथळ पाण्यात, शेकाटे अजून चिखलात चोच घालत आहेत का, तेवढे पाहून या.